कथील रडतं

हेल्दुरने कथलाची पट्टी माझ्या कानाशी धरली
आणि वाकवली.
करकरली ती,
कडक बर्फावरून कुणी लांब चालत जावं तशी.
"रडतंय," तो म्हणाला. "आत रांगाच्या रांगा कूस बदलतायत.
शिसं वाकव, हूं की चूं करणार नाही.
आधी हे ऐकायला शीक. सूर नंतर."
मी तेव्हा एकोणीसची.

त्या फेब्रुवारीत सारेमा बेटाकडे जाताना
गोठलेल्या समुद्रावरून गाडी नेली आम्ही.
चर्चमध्ये उणे चोवीस.
रविवारी येणारी माणसं अकरा,
अकरा जणांसाठी भट्टी कोण पेटवणार?
ऑर्गनच्या दर्शनी नळ्या दुरून अजून उंच, अजून चांदीच्या.
जवळून मात्र
राखाडी फोड, काखेतल्या गळवांसारखे.
मी बोट टेकवलं.
बोट आत गेलं.
नळी होती तिथे चिमूटभर पीठ.

किल्ल्या सांभाळणारी लेम्बी खालून ओरडली, "गंज का?"
"गंज नाही. गंजाला बाहेरचं कुणी लागतं.
इथे बाहेरून काही आलं नाही, आतलं काही गेलं नाही.
पीठ तोलून बघ, नळीइतकंच भरेल."
"मग झालं काय?"
हेल्दुर सूर लावणारा माणूस, समजावणारा नव्हे.
तो शिडीवर नुसता खोकला.

लेम्बीनेच मग हातमोजा काढला,
डोक्यावरची शाल ओढून त्याच्याशेजारी बाकावर ठेवली.
मोजा असा घट्ट की समुद्राचा वारा आत शिरत नाही,
शाल अशी की अंगठीतून आरपार निघते.
"दोन्ही एकाच मेंढीचे," ती म्हणाली,
"टाका वेगळा.
असं काही आहे का?"

असंच.
तेरा अंशांखाली कथील स्वतःला उसवू लागतं,
गारठा वाढेल तशी घाई वाढते,
आणि पुन्हा विणतं, सैल टाक्याने.
सैल विणीला जागा जास्त लागते.
चार मुठींच्या जागी पाच.
घर तेवढंच, मग भिंती फुटतात.
"आणि हा नवा टाका कुणाचा, सांगू?" हेल्दुर म्हणाला. "हिऱ्याचा.
तीच वीण, शेजारी तसेच चार."
लेम्बीने पिठाकडे पाहिलं.
"मग पुडी बांधून दे की. विकते."

नळ्यांखाली पितळी पाटी होती:
कप्तान टोनिस, गलबत बुडूनही जो परत आला,
त्याचा नवस.
अट एकच, कथील शुद्ध हवं, शिशाचा कण चालणार नाही.
मागच्या ओळीत, कुणाला न दिसणाऱ्या जागी,
कारागिराने खर्च वाचवायला शिसं मिसळलं होतं.
त्या सगळ्या धडधाकट.
मोठे परके अणू रांगेत अडून बसले,
कुणाला हलूच दिलं नाही.
मी हेल्दुरकडे पाहिलं. तो पाटी पुसत होता.

पीठ आम्ही ब्रशने गोळा केलं, वेगळ्या पिशवीत.
"निरोग्या नळीला शिवू देऊ नकोस,
याचा एक कण पुरतो नाद लावायला."
मोजेसुद्धा वेगळे.

तार्तूच्या कारखान्यात ते कढईत गेलं.
थोडं मळ होऊन वर आलं, ते काढून टाकलं.
बाकीचं हळूच बसलं आणि चकाकलं,
लाज नाही, आठवण नाही.
मग हेल्दुरने मोजून शिसं घातलं,
कापड पसरलेल्या मेजावर रस ओढला,
आणि आम्ही श्वास धरून उभे.
निवता निवता पत्र्यावर ठिपके उमटले,
एक, मग पाच, मग सगळीकडे,
पावाच्या पिठावर बुडबुडे येतात तसे.

जूनमध्ये नळ्या बसवल्या.
पहिला सूर किंचित खाली लागला, मी कड वाकवून वर आणला.
हेल्दुर बाकावर बसून होता, गुडघे गेलेले.
लेम्बी शिडीपाशी आली.
"पुढच्या हिवाळ्यात टिकेल?"
उरलेली एक पट्टी माझ्या खिशात होती.
तिच्या कानाशी धरून मी ती वाकवली.

"मला काहीच ऐकू आलं नाही," ती म्हणाली.
मी पट्टी सरळ केली, पुन्हा वाकवली.
"थोडंसं येतं बघ.
आता कमी रडतं."