अळीचं उष्टं

दोन वर्षं झाली, माझं पोट बोलतंय.
आधी गुरगुर, मग कळ,
मग नुसतंच,
भिंतीपलीकडं कुणी सामान हलवावं तसं.

लातूरच्या डॉक्टरांनी नळी घालून आत बघितलं.
म्हणाले, आत सगळं गुलाबी आहे. काय खाता?
मी म्हटलं, झाडपाला.
हसले. म्हणाले, मग अजून खा.
आतड्यात एक गाव वसलेलं असतं,
कोट्यवधी जीव.
त्यांना चोथा लागतो, पाला लागतो, आंबलेलं लागतं.
आणि पाल्यावर जे मारलेलं असतं, ते?
त्या गावात कुणाकुणाला लागतं ते?
त्यांनी पेनाचं टोपण काढलं, लावलं.
'नक्की सांगता येत नाही. धुऊन खा.'

तेव्हापासून मी धुते.
मिठात, हळदीत, चिंचेच्या कोळात.
मेथीची जुडी सोडून एकेक काडी,
तान्ह्या लेकराची बोटं धुवावीत तशी.
तरी पाण्याला वास येतोच,
शाळेच्या प्रयोगशाळेतल्या त्या कपाटाचा,
जिथल्या बाटल्या मी सव्वीस वर्षं पुसल्या.
आणि कोबी तर धुताच येत नाही.
तो पान पान मिटत जातो,
अंगावर पडलेलं सगळं आत घेऊन.

आमच्या घरात जीव मारत नाहीत.
गळ्यात लिंग आहे. मुंगी दिसली
तर सासरे पाय वरच्या वर धरायचे.
आणि हे वांगं बघा.
आरशासारखं. तोंड दिसतंय माझं त्यात.
एक भोक नाही, एक डाग नाही.
याच्यापायी किती जणी मेल्या असतील?
माझ्या सोवळ्या ताटाखाली
केवढा हा मसणवटा!
आम्ही मारलं नाही कुणाला.
आम्ही फक्त
बिनडागाचं निवडून घेतलं.

येळवशीच्या आदल्या दिवशी उदगीरच्या बाजारात गर्दी.
भज्जीसाठी सगळ्यांना सगळंच पाहिजे,
तुरीच्या शेंगा, पावटा, हरभऱ्याचा पाला.
मी फ्लॉवरला हात घातला
तर हमीदा बागवाननं मनगटच धरलं.
'ये नक्को लेव बाई. परसूंच मारे इसपे.'
मग बसायच्या पोत्याखालून तिनं काढलं
ओल्या फडक्यातलं गाठोडं.
पाथरी, चुका, थोडा घोळ.
पानांची चाळण झालेली.
'ये घर का है.'
घरचं.
म्हणजे घरचं वेगळं होतं इतके दिवस.
मी म्हटलं, मग दोन वर्षं मला काय घातलंस गं?
तिनं पारडं उलटं करून झटकलं.
'तुमकू चमकताच होना था ना.'

पैसे घ्यायला ती तयार नव्हती.
मी ठेवून आले, तराजूखाली.

रात्री पाथरी निवडायला बसले.
भोकाभोकांतून दिव्याचा उजेड हातावर पडत होता.
इथं कुणीतरी आधी तोंड लावलं होतं
आणि मेलं नव्हतं.
तेवढ्यात पानामागून ती निघाली,
हिरवी, सुतळीच्या धाग्याएवढी,
कमरेत वाकत, माझ्या नखावर चढली.

हिला मारायचं नाही.
पण ठेवू कुठं?
खिडकीतल्या गुलाबाकडं हात नेला
आणि आठवलं,
रविवारी फुलांवर मावा दिसला म्हणून
मीच फवारलं होतं.
छोटा पंप, निळी बाटली, सोबत फुकटचे हातमोजे.

बराच वेळ उभी राहिले तशीच, बोट पुढं करून.
मागं माठात आंबील फसफसत होती,
एकेक बुडबुडा वर येऊन फुटत होता.
पोटातून कुणीतरी त्याला ओ दिली.
की नुसता वात होता, काय की.

मग एक पान बाजूला काढलं,
जास्त भोकं असलेलं, तिच्या सवयीचं.
ते तिला ठेवलं.
उरलेलं शिजवलं.