नमुना चारशे सतरा

वॉल्व्हिस बेला रात्री समुद्रावरून धुकं चढतं
आणि वाळवंटात शिरून निजतं.
मासळीच्या जुन्या गोदामात, जिथं अजूनही
फरशीच्या सांध्यांतून सार्डिनचा वास येतो,
न्दिनेलागो शिकोंगो
स्टेपलरएवढं यंत्र लॅपटॉपला जोडून बसलीय.

यंत्रात भोकं आहेत, दिसणार नाहीत इतकी बारीक.
भोकातून धागा सरकतो,
विजेचा प्रवाह किंचित अडखळतो,
त्या अडखळण्यावरून अक्षर ओळखायचं.
जात्यात खडा आला की खुंट्यावरच्या हाताला कळतं, तसं.
ए. जी. जी. टी.

चारच अक्षरं. ना काना, ना मात्रा, ना वेलांटी.
तीस हजार अक्षरांची ही पोथी
ज्याच्या त्याच्या घशात बसून स्वतःची नक्कल करते.
मुद्रितशोधक आहे तिच्याकडे,
पण डुलक्या घेणारा.
बहुतेक चुका वाया जातात.
एखाद्याच चुकीत ध चा मा होतो.

नमुना चारशे सतरा: पुरुष, ४६, बंदर विभाग.
नावाच्या रकान्यात नाव नसतं.
पण नाकात काडी तिनंच घातली होती,
आणि तुहाफेनीनं शिंकून तिची माफी मागितली होती.
फाटकाबाहेर उकिडवा बसून तो जाळी शिवायचा,
सुई दातांत, दोरा पायाच्या अंगठ्याला.

पहाटे तीन. एकोणीस जागी अक्षरं वेगळी.
तिनं पुन्हा मोजली. थंड चहा प्यायली. पुन्हा मोजली.
मग जगाला कळवून टाकलं,
कारण तसंच शिकवलं होतं तिला.

तीन दिवस अभिनंदनाचे मेल.
चौथ्या दिवशी विमानं बंद.
चोर सोडून संन्याशाला,
आणि संन्याशाचं रसायनही फ्रँकफर्टला अडकलेलं,
खोक्यातला कोरडा बर्फ
कुणाला न भिजवता विरत चाललेला.

महिन्यानं उत्तरेतल्या एका थंड शहरातून
सांडपाण्याची एक बाटली निघाली.
तारीख चारशे सतराच्या तीन आठवडे आधीची.
वाचणारा रजेवर होता, बाटली फ्रीजमध्ये होती.
जो आधी वाचतो
त्याच्या गावाचं नाव लागतं, एवढंच.

न्दिनेलागोनं झाड नव्यानं काढलं.
मूळ दुसरीकडे सरकलं, आपलं बंदर
मधल्या एका डहाळीवर आलं.
आनंद व्हायला हवा होता.
तिनं फक्त चष्मा पुसला.

आणि मग ते दिसलं: विसावं अक्षर.
त्याच्या आधीच्या कुणातच नव्हतं.
म्हणजे त्याच्याच घशात, कुठल्यातरी रात्री,
खोकल्याच्या दोन उबळींमध्ये झालेली चूक.
त्याच्यानंतर मात्र
माँटेव्हिडिओत एक शिक्षिका,
ट्रॉम्सोला वृद्धाश्रमातली तिघं,
बुसानला जहाजावरचा आचारी.
सगळ्यांत तेच अक्षर, त्याच जागी,
एकाच हातानं मारलेली गाठ.

तुहाफेनीकडे पासपोर्ट नव्हता.
एकदा अर्ज केला होता.
फोटोत कान दिसत नाहीत म्हणून परत आला.

दाखल्यासाठी त्याची बायको रौना आली,
काळ्या रुमालाची गाठ हनुवटीखाली.
बंदरात सगळे विचारत होते तेच तिनं विचारलं,
कुठून आणलं त्यानं हे?

नियमात बसत नव्हतं, तरी न्दिनेलागोनं पडदा तिच्याकडे वळवला.
म्हणाली, कुठून आलं ते मला नक्की सांगता येणार नाही.
कुठं कुठं गेलं, ते दाखवते.

रौना बराच वेळ त्या ठिपक्यांकडे बघत राहिली.
बुसानवर बोट ठेवलं.
हे किती लांब?
जहाजानं महिना तरी लागेल.

बाहेर धुक्यात भोंगा वाजला,
कुठलीतरी बोट आत येत होती, नाहीतर बाहेर जात होती.

त्याला तर बोट लागायची,
रौना म्हणाली.