चढ

रविवारी सहा ते दहा
मच्छीमार्केट ते वखारीचा नाका, गाड्यांना बंद.
नगरपालिकेनं ठराव केला
आणि दोन निळी पिंपं आणून ठेवली,
मध्ये ट्रॉलरचा जुना नायलॉन दोर.
दोराला अजून खवले चिकटलेले.

मी रिक्षा दोराअलीकडे लावली
आणि शिव्या घातल्या.
चार तासांचे साडेतीनशे कोण देणार?
होमगार्डची पोर म्हणाली, काका, चालत जा की.
तिला म्हटलं, एकोणीस वर्षं
या रस्त्यावर आहे मी.

मग गेलो. चहा पलीकडे होता म्हणून.

रस्ता एवढा रुंद होता?
मधोमध कॅरम मांडलेला.
शमीम होडेकरची तिन्ही पोरं एकाच सायकलवर,
एक दांडीवर, एक कॅरिअरवर,
आणि चालवणाऱ्याचे पाय पॅडलला पोचेनात.
विजया मयेकर, पंचावन्नची,
गाऊनवर ओढणी खोचून सायकल शिकत होती;
सीट धरून मागे सून, धापा टाकत,
सासूला पहिल्यांदाच मोठ्यानं ओरडत.

कुणीतरी खोबरं खवत होतं.
माडीवरचं भांडण, शब्द न् शब्द कळत होता.
बंदरातल्या होड्यांची धडधड इथवर येते
हे मला ठाऊकच नाही;
माझं इंजिन मध्ये यायचं.

पोस्टापाशी दम लागला.
थांबलो, मागे वळून पाहिलं.
खाली, दोन घरांच्या फटीत,
समुद्राची बोटभर रेघ.

म्हणजे हा चढ आहे.
एकोणीस वर्षं इथं सेकंड टाकतो,
हाताला माहीत होतं,
पायांना कुणी सांगितलं नव्हतं.

आणि शेवंताक्का रोज
डोक्यावर पाटी घेऊन हा चढ चढते.
मागून मी हॉर्न मारतो,
ती गटाराच्या कडेला होते,
पाटीतलं पाणी मानेवरून ओघळतं.

आज ती रस्त्याच्या मधून चालत होती.
मला बघून म्हणाली,
"मेल्या, तुला पाय फुटले काय?"
पाटी दे, म्हटलं.
"नको. वास लागेल, गिऱ्हाईक नाक मुरडेल तुझं."
दिली नाही.
मग तिच्या चालीनं चाललो,
चहाचं दुकान मागे राहिलं तरी.

दहाला दोर सुटला.
आत शिरणारी पहिली गाडी माझीच.

सोमवारी, पोस्टाच्या वळणावर
हॉर्न मारला. मारावाच लागतो.
पण सेकंड टाकताना
पोटऱ्या ठणकल्या.