थद्द

ऑक्टोबर सरताना तिकडे घड्याळ तासभर मागे सारतात,
इकडे खानापुरात माझी भाकरी तासभर लांबते.
दीडला येणारी फाईल अडीचला येते.
आईला हे अजून पटलेलं नाही.
'सरकारनं सांगिटलं म्हणून ऊन मागं फिरतंय काय गे?'

काम तसं सोपं:
इंग्लंडच्या उत्तरेकडे एका विद्यापीठात बाई शिकवतात,
यंत्र त्यांचं बोलणं टायपून ठेवतं,
यंत्राला जे ऐकू आलं नाही
ते मी ऐकते.
पैसे मिनिटावर. खोकल्याचे, शिंकेचे कापून.

बाईंचं नाव विनिफ्रेड ऑल्सॉप. विषय माती.
भाजलेली माती: कौलं, कपबशा,
विजेच्या खांबावरचे पांढरे चिनी कप.
त्या 'किल्न' म्हणतात, यंत्र 'किलिंग' लिहितं.
भट्टीच्या जागी खून.
एका व्याख्यानात मी अकरा खून पुसते.

पडद्यावर एका चौकोनात बाई,
बाकी चौतीस चौकोन काळे, खाली नुसती नावं.
बाई विचारतात,
तडा आतल्या आत असेल, वरून दिसतच नसेल,
तर कसा ओळखाल?

सोळा सेकंद कुणी बोलत नाही.
शांततेला कॅप्शन नसतं.

मला येतंय की उत्तर.
आमचे अण्णा एकतीस वर्षं कौलांच्या कारखान्यात,
बोटाचं पेर वाकवून एकेक कौल वाजवायचे.
टण्ण, तर ट्रकात.
थद्द, तर ज्याला हवं त्यानं घरी न्यावं.
आमच्या गल्लीतली निम्मी कुंपणं थद्द आहेत.
पण सांगणार कुणाला?
तो तास मंगळवारीच झालेला, आज शनिवार.

मार्चात वेगळीच फाईल आली. वर्ग नव्हे, बैठक.
एक गृहस्थ, आवाज लोण्यात घोळलेला,
पुढच्या पाच वर्षांचं धोरण वाचत होते.
आवारात कमी विद्यार्थी, आवाराबाहेर जास्त.
पदवी फोडून सहा-सहा आठवड्यांचे तुकडे, प्रत्येकाला प्रमाणपत्र.
एकदा रेकॉर्ड केलेला तास चार वर्षं चालवायचा.
मागे कुणीतरी खोकलं. ओळखीचा खोकला.
मग चौदाव्या मिनिटाला, सातव्या सेकंदाला:
कॅप्शन सगळी यंत्राकडे,
माणसाची तपासणी, अगदीच गरज पडली तर.

यंत्रानं तपासणीच्या जागी बँकेचा चेक लिहिला होता.
म्हणजे त्याच्या मते माणसाला काहीतरी मिळणार होतं.
मी दुरुस्त केलं.
स्वल्पविरामसुद्धा घातला.
पुन्हा ऐकलं, चूक राहायला नको म्हणून.

तेवढ्यात लाईट गेली.
भिंतीपलीकडून दुंडव्वा, 'करंट होतेन?'
'गेलं की,' मी.
ती कानडीत विचारते, मी मराठीत सांगते,
चाळीस वर्षांत या भिंतीला
कॅप्शन लागलेलं नाही.

अंधारात बसून हिशेब केला:
चार वर्षं, दोनशे बारा तास माती ऐकली.
प्रमाणपत्राची फी पौंडात बघितली.
मोबाईल उपडा ठेवला.

लाईट आली तेव्हा मंगळवारचा तास अजून माझ्याकडेच होता,
पाठवायचा राहिलेला.
तो उघडला. सोळा सेकंद शोधले.
त्या रिकाम्या जागी
एक ओळ टाईप केली, त्यांच्याच इंग्रजीत:
बोटाच्या पेरानं वाजवून बघा.

बोलणाऱ्याचं नाव लिहावं लागतं. नियम आहे.
मी तिथे अस्पष्ट असं टाकलं
आणि पाठवून दिलं.

एकदा रेकॉर्ड केलेला तास चार वर्षं चालतो.
कुणाच्या लक्षात येईल, न येईल.
ओळीच्या शेवटी पूर्णविराम दिला की नाही,
तेवढं मात्र
आता आठवत नाही.