व्यवसायाचा रकाना

वर्ग सत्तावीस, तिसरा मजला,
खिडकीखाली मोटार ट्रेनिंग स्कूल.
मी तर्कशास्त्र शिकवायचो
आणि खालून कुणीतरी ओरडत असायचं :
क्लच सोड. हळू. अजून हळू.
शेजारी कॉमर्सची एकशेवीस पोरं.
माझ्याकडे नऊ,
त्यातली दोन चुकून आलेली.

पालकसभेला एकदा सदानंद तांडेल आले,
ससून डॉकच्या बर्फाच्या कारखान्यातून थेट,
पँटचे पाय घोट्यापर्यंत ओले.
मुलगी ग्रीष्मा.
(बर्फवाल्याची लेक आणि नाव ग्रीष्मा :
पहिल्या दिवशी मी हसलो होतो, ती नव्हती.)
म्हणाले, सर, आमची लादी
विरघळायच्या आत विकावी लागते.
तुमचं हे किती दिवसांत विकलं जातं?

उत्तरं होती माझ्याकडे.
विवेक, व्यापक दृष्टी, सर्वांगीण वगैरे,
माहितीपत्रकाच्या चौथ्या पानावरची.
एकही बाहेर काढायचा धीर झाला नाही.
चहा मागवला.
तो त्यांनी बशीत ओतून प्यायला
आणि फीची पावती
प्लॅस्टिकच्या पिशवीत घडी घालून ठेवली,
भिजू नये म्हणून.

आम्ही शिकवत तरी काय होतो?
इतिहासाच्या मिस्त्री बाई पोरांना
शिवडीच्या दफनभूमीत नेऊन
दगडांवरची वयं वाचायला लावत :
दोन वर्षं, एकोणीस, सात महिने.
प्रश्न नाही, टिपण नाही. वाचा, म्हणत. मोठ्यानं.
माझ्याकडे तर एकच शब्द होता.
कुणी काहीही ठणकावून सांगितलं
की मी फळ्यावर लिहायचो : म्हणजे?

ग्रीष्मा वैतागायची.
सर, काल आई म्हणाली, मुलीच्या जातीला शोभत नाही.
मी म्हटलं, म्हणजे?
जेवणच मिळालं नाही रात्री.

मग अकरा वर्षं.
मग माझी थोरली बहीण गेली, सुलोचनाताई,
आणि मी फॉर्म घेऊन वॉर्ड ऑफिसात उभा,
तळमजला, खिडकी चार.
काचेमागे चष्मा लावलेली ग्रीष्मा.
ओळख दाखवली तिनं, पण काम थांबवलं नाही.
नाव. वय. पत्ता. बोट सरकत सरकत
एका रकान्यावर अडलं.
तिथं मी लिहिलं होतं, व्यवसाय : नाही.

सर, नाही म्हणजे?

मागे रांग होती.
एक माणूस घड्याळ बघत होता,
पंखा नुसताच आवाज करत होता.
मी म्हणालो, घरीच असायची.
ती थांबून राहिली,
जसा मी थांबायचो, तसाच तिरका खांदा करून.
मग माझ्या तोंडून आलं :
साड्यांना फॉल लावायची. छत्तीस वर्षं.
डोळे गेले तेव्हा थांबली.
एम.ए.ची फी माझी... तिनंच.

यादीत फॉल-बिडिंग नव्हतं.
ग्रीष्मानं 'इतर' निवडलं, आणि पुढच्या चौकोनात
एकेक अक्षर बघून टाइप केलं.
मग म्हणाली, हे दाखल्यावर छापत नाहीत, सर.
मग विचारलंस कशाला?
तिनं पुढच्या माणसाचा कागद घेतला.

बाबा कसे आहेत, हे विचारायचं राहिलं.
कारखाना चालू आहे का, तेही.
यंदा आमच्याकडे चार प्रवेश झालेत,
वर्ग सत्तावीस कॉमर्सला देणार म्हणतात.
प्राचार्यांनी टिपण मागितलंय :
कला शाखेची उपयुक्तता, एका पानात.
मी तारीख घातलीय. खाली अजून काही नाही.

दाखला आला, त्यात सुलोचनामधला 'च' इंग्रजीत चुकलाय,
फॉर्मवर मीच चुकीचा लिहिला होता.
सोमवारी परत जाईन.
रांगेत उभा राहीन, माझा नंबर येईपर्यंत.