परिशिष्ट ब

पाचशेचा स्टॅम्पपेपर.
दुसाने वकिलांच्या टायपिस्टनं
'सैनिक'चं 'सौनिक' केलंय, सहा ठिकाणी.
सीबीएसच्या मागे, झेरॉक्स मशीनच्या ऊन वासात
जाल कूपर एकेक मात्रा पेननं खोडतायत,
शेजारी आद्याक्षरं.
हात इतका थरथरतो
की अक्षराआधी शाईच पोचते कागदावर.

लिहून देणार :
जाल सोराब कूपर, वय अठ्ठ्याहत्तर, राहणार देवळाली कॅम्प.
लिहून घेणार :
कुमुदिनी रघुनाथ वडनेरे, वय सेहेचाळीस, धंदा
इथं टायपिस्ट अडला होता.
'घरकाम' टाकू?
'ओतकाम' टाक, म्हणाले कूपर.

एकोणीस वर्षं, सातपूरची शेड.
कथील वितळतं, वर राखाडी साय धरते,
रबरी साच्याला शंखजिऱ्याची पूड,
मग चाक फिरतं, आणि थांबलं
की भाकरीचा पापुद्रा सुटावा तसा साचा सुटतो :
आत बारा स्वार, अंगठ्याच्या पेराएवढे,
हात लावला तर पोळतील असे.
वडील तांबट आळीत हंडे ठोकायचे.
एक स्वार त्यांनी तळहातावर घेतला, उलटा करून पाहिला,
हंड्यात पाणी तरी राहतं गं, म्हणाले,
यात काय राहतं?

कलम चार : हक्क ओतण्याचा, विकण्याचा,
भारतात आणि भारताबाहेर.
कलम सहा : मूळ नमुन्यात फेरफार नाही.
नाकसुद्धा नाही, हे त्यांनी तोंडी घातलं.
कलम नऊ वाचून वकील थबकले.
'दोन्ही बाजू सारख्याच संख्येनं बनवाव्या लागतील'?

झालंय काय,
पुण्याचं गिऱ्हाईक असो की बडोद्याचं,
खर्ड्याची लढाई मांडायची म्हणतात
आणि सगळ्यांना मराठेच हवे.
निजामाचे हत्ती आठ वर्षं मांडणीवर,
सोंडेत कोळ्यानं घर केलंय.
समोर कोणीच नको असेल, कूपर म्हणाले,
तर पत्ते घ्या, एकट्यानं लावत बसा.

मग परिशिष्ट ब. साच्यांची यादी, एकशे अकरा.
मी बोट फिरवत गेले :
तोफ, तोफेचे बैल, जरीपटका, पडलेला घोडा,
सत्तेचाळीस : भिस्ती, पखालीसह.
बाजू, ह्या रकान्यात नुसती रेघ.
नियमांच्या पुस्तकात त्याला वार नाही, गुण नाही,
पटावर ठेवला तर कुठं ठेवायचा तेही नाही.
अकरा वर्षांत चार गेले. चारही
देवळालीच्या एकाच रिटायर्ड सुभेदारानं नेले,
कशाला, ते सांगितलं नाही.

हा वगळू या, मी म्हटलं. रबर फाटलंय.
नवा साचा म्हणजे तीन हजार.
कूपरांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला.
किल्ल्यात पाणी विकत होते, बाई,
म्हणाले, एक ओंजळ घ्यायची तर पैसे मोजायचे.
आणि पुढच्या पानावर सही करायला लागले.
मीही केली.
वाटेत काही बोललो नाही.
रिक्षात बसताना मात्र म्हणाले,
भांड्याची कड उजवीकडे तापते, सांभाळ.
जसं काही एकोणीस वर्षं
ते भांडं दुसरंच कोणी तापवत होतं.

संध्याकाळी शेड उघडली.
रेक्झिनच्या पिशवीत करारनामा,
पिशवी खिळ्याला.
माझ्या नावावरचं पहिलं ओतकाम
काय घ्यावं, याचा फार विचार केला नाही.
सत्तेचाळीस.
फाटक्या साच्यातून पखालीवर एक बारीक रेघ उतरली,
गळ्यापासून थेट तळापर्यंत,
थेंब ओघळावा तशी.
कानस घेतली. दोनदा टेकवली.
ठेवून दिली.

कलम सहाप्रमाणे
हा फेरफार धरतात की नाही,
दुसाने वकिलांना विचारलं पाहिजे.