पडदा टाकून

सकाळी साडेसहा. वडशाच्या मैदानात
नाटक मंडळाची गाडी उभी, चाकांना दगड लावून.
सातला टपाचा पत्रा कोमट होतो,
नऊला तवा.
जे काय करायचं ते मधल्या वेळात.

ईस्तारीबुवा खाली शिडी धरतात.
तीस वर्षं खलनायक केला,
तसेच पाय रोवून उभे.
"वायरमन बाई, पडू नोको वो,
सीझनात दुसरी कुठून आनू?"
कमरेला दोरी आहे. नवी.
पडद्याची जुनी देत होते, मी घेतली नाही.
दुसरं टोक कडुनिंबाच्या बुंध्याला.

आधी बोटाच्या पेरानं छप्पर वाजवायचं.
ढब्. ढब्. ढब्. टक्.
टक् म्हणजे खाली लोखंडाची बरगडी.
ढब्वर भोक पाडणारे पुष्कळ भेटतात.
मागच्या दिवाळीत एका मंडळाचं पॅनल
आरमोरीच्या रस्त्यावर उडालं:
चार स्क्रू, चारही ढब्वर.
बांधीत जाऊन उभंच रुतलं म्हणे,
आणि एक बगळा दुपारभर
त्याच्यापुढे मान वाकडी करून
स्वतःला बघत राहिला.
त्याचं तिकीट कुणी फाडलं नाही.

बोल्टाखाली रबर, रबराखाली चिकट पट्टी,
वरून सीलंटचं बोट
कडेकडेनं, ओठांना लाली लावतात तसं.
पत्र्यात आणि पॅनलमध्ये चार बोटं मोकळी,
वारा खालून गेला पाहिजे.
तापलं की तेही आळसावतं, आपल्यासारखंच.

एक गोष्ट मात्र विसरायची नाही.
पॅनलला बटण नसतं.
खोक्यातून काढलं, ऊन दिसलं,
की ते कामाला लागतं.
तारेचं टोक कुणाच्या हातात आहे
हे ते बघत नाही.

बाबा याच मंडळाचे वायरमन होते.
त्यांच्या उजव्या हाताची दोन बोटं
सरळ होत नसत.
कशानं, ते कधी बोलले नाहीत.
सुपारी कातरताना दिसायचं.

म्हणून झाकायचं. मी गोधडी मागितली,
बुवांनी राजवाड्याचा पडदा आणून दिला:
खांब, हत्ती, गच्ची,
कोपऱ्यात पाण्यानं ओघळलेला चंद्र.
पॅनलवर टाकला, चारी बाजूंनी विटा ठेवल्या,
आणि भर वैशाखात, गाडीच्या टपावर,
तेवढ्यापुरती रात्र झाली.

त्या रात्रीत मी तारा जोडल्या.
लाल लालला, काळी काळीला.
बॅटरी आधी, पॅनल मागून.
फ्यूज बॅटरीपासून वीतभर अंतरावर.
घाई केली नाही. हत्तीच्या पायाखालून हात घातला
आणि शेवटची जोडणी कट् वाजेपर्यंत दाबली.

"पडदा काढा," मी म्हटलं.
बुवा तसेच उभे.
"तिसरी घंटा झाली का?"
मी पक्कड शिडीवर तीनदा वाजवली.

आत, रंगपटाच्या आरशाभोवती,
बारा दिवे लागले.
उजाडलेल्या दिवसात ते दिसेनात धड.
तरी चमेलीबाई येऊन बसल्या आरशापुढे,
सहज, गाल इकडे तिकडे करून पाहिले.
जनरेटर नव्हता. बाहेर होले घुमत होते.

मग टपावर दोन बादल्या पाणी ओतलं,
बुवांना आत वर बघत बसवलं.
"गळते! गळते वो!"
धावत गेले.
त्यांच्याच कपाळाचा घाम होता,
नाकाच्या शेंड्यावर येऊन थांबलेला.

निघताना काठीनं उंची मोजली.
आता पाच बोटं जास्त.
स्टिअरिंगसमोर खडूनं लिहून ठेवलंय:
नऊ फूट अकरा इंच.
त्याखाली बुवांच्या अक्षरात:
कुरखेड्याची चिंच, उजवीकडून.